लढाईनंतरचा जमाखर्च

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये पत्ता सांगायचा तर रस्त्याच्या नावाआधी बॅरेकचा नंबर येतो. बी. के. नंबर, मग रूम नंबर, मग सेक्शन. मूळची बॅरेक केव्हाच पडली, तिच्या जागी मजले चढले, तळमजल्यावर जीन्स शिवायच्या मशीन लागल्या, तरी पत्त्यात नंबर जुनाच चालतो. हे नंबर दुसऱ्या महायुद्धातले. कल्याणच्या लष्करी छावणीची आखणी सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसांसाठी होती, आणि तिच्यात २,१२६ बॅरेक व १,१७३ क्वार्टर होते, असे शहराच्या इतिहासात सांगितले जाते. १९४५ मध्ये लढाई संपली, छावणी ओस पडली आणि दोन-तीन वर्षांत तिथे सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे उल्हासनगर झाले.

शहराची कहाणी सहसा फाळणीपासून सांगतात, आणि ज्यांनी ती भोगली त्यांच्यासाठी तेच रास्त आहे. मुंबई प्रांताच्या अंदाजपत्रकांवरचे हे पुस्तक मात्र थोडे मागून, एका रुक्ष प्रश्नापासून सुरू होते. या बॅरेकींचे पैसे कोणी भरले, आणि त्याच वर्षांत आसपासच्या गावांतल्या शाळेला, दवाखान्याला, रस्त्याला काय मिळाले?

पहिल्या भागाचे उत्तर मुंबई प्रांताच्या अंदाजपत्रकात नाही. छावणी लष्कराची होती आणि लष्कराचा खर्च दिल्लीकडे होता. नोव्हेंबर १९३९ मध्ये लंडन आणि दिल्ली यांच्यात झालेल्या करारानुसार युद्धखर्चाचा ठरावीक वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला आणि उरलेला ब्रिटनने द्यायचा ठरला. तो द्यायचा म्हणजे लंडनमधल्या खात्यात पौंडांत जमा दाखवायचा. लढाई संपली तेव्हा ही जमा सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचली होती. रुपये मात्र इथेच आणि लगेच खर्च व्हायचे, त्यासाठी नोटा छापल्या जायच्या आणि महागाई बाजारात जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला यायची. दुसऱ्या भागाचे उत्तर प्रांताच्या पुस्तकात आहे. तिथे लेखाशीर्षांचे क्रमांक ठरलेले असतात: २८ तुरुंग, २९ पोलीस, ३७ शिक्षण, ३८ वैद्यकीय, ३९ सार्वजनिक आरोग्य, ५० बांधकाम. प्रत्येक शीर्षासमोर गेल्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. वसाहतीच्या सरकारचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर राणीच्या जाहीरनाम्यापेक्षा या रकान्यांमधली तफावत अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

नवख्या वाचकासाठी या विषयाची थोडी ओळख करून देतो. अंदाजपत्रकाची शिस्त कंपनी सरकार गेल्यावर आली, आणि तीही लढाईमुळेच. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच नावावर कर्ज म्हणून चढला. तो निस्तरायला लंडनहून जेम्स विल्सन आला, त्याने १८६० मध्ये पहिले अंदाजपत्रक मांडले, प्राप्तिकर बसवला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात तो आजाराने वारला. दहा वर्षांनी लॉर्ड मेयोने पोलीस, तुरुंग, शिक्षण, वैद्यकीय, रस्ते ही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. पाठ्यपुस्तकांत याला विकेंद्रीकरण म्हणतात. प्रत्यक्षात मध्यवर्ती सरकारला तूट आली होती आणि वाढता खर्च दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा होता. लोकांना रोज लागणाऱ्या सेवा प्रांताकडे आणि हुकमी उत्पन्न वर, ही विभागणी तेव्हापासूनची.

या व्यवहाराकडे पाहण्याच्या दृष्टी मात्र एकसारख्या नाहीत. पहिली सरकारी हिशेबनिसांची. जमाखर्चाची तोंडमिळवणी झाली, थोडी शिल्लक पडली, की कारभार चोख. तिला पहिला सणसणीत जबाब मराठी माणसाने दिला. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. नुकताच दुष्काळ सरलेल्या देशाच्या तिजोरीत शिल्लक दिसते याचा अर्थ सरकार गरजेपेक्षा जास्त कर घेते, हा त्यांचा मुद्दा होता. त्या भाषणांमागच्या आकड्यांत सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांची मोठी मेहनत होती. आपल्याकडे गोखल्यांचे पुतळे आहेत. जोशी मास्तरांना त्या मानाने फारच कमी लोक ओळखतात. दादाभाईंनी मांडलेला संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत, रानड्यांचे अर्थचिंतन आणि गोखल्यांची ही भाषणे मिळून राष्ट्रीय परंपरा तयार झाली. देशाबाहेर किती पैसा जातो, हा तिचा मुख्य प्रश्न.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्नच बदलला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात त्यांनी प्रांतिक अर्थकारणाचे टप्पे पाडले: आधी नेमून दिलेली रक्कम, मग नेमून दिलेले उत्पन्न आणि १८८२ पासून वाटून घेतलेले उत्पन्न. या सगळ्यांच्या तळाशी त्यांना एकच गोष्ट दिसली. प्रांताची वेगळी तिजोरी ही हिशेबाची सोय होती. सत्ता एकाच ठिकाणी होती. कर लावण्याचा अधिकार कोणाला आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, हे ठरत नाही तोवर खर्चाच्या आकड्यांवर वाद घालून फारसे हाती लागत नाही. राष्ट्रीय परंपरेने दिल्ली-लंडनवर डोळा ठेवला आणि प्रांताचे पान तसेच राहिले, अशी माझी तक्रार आहे. प्रांताचे पान वाचायला आंबेडकरांनी शिकवले. पुढे के. टी. शहा, चं. न. वकील यांनी आकड्यांच्या मालिका जुळवल्या. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगिळांनी शेत आणि गाव यांची पाहणी या अभ्यासात आणली. अलीकडच्या पिढीत धर्मा कुमार यांनी वसाहतकालीन करव्यवस्थेचा सलग आढावा घेतला आणि इंदीवर कामटेकरांनी युद्धकाळात राज्यसंस्थेचा भार कोणत्या वर्गावर किती पडला हे दाखवले. शेवटच्या दोघांचे लेखन मराठीत जवळजवळ पोचलेलेच नाही.

पुस्तकाचा गाभा मात्र १९१९ ते १९५० ही तीस वर्षे आहेत, आणि त्यातही लढाईनंतरची दोन अंदाजपत्रकी पर्वे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानने १९१७ मध्ये ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘भेट’ दिली. भेट देणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. ती पेलण्यासाठी परदेशी कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर गेली. पाठोपाठ १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली आणि सार्वजनिक आरोग्याच्या नावाने काय होते ते उघडे पडले. मग माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती निवडून आलेल्या सभासदांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आणि अर्थ, पोलीस, जमीनमहसूल गव्हर्नरच्या राखीव खात्यांत. मुंबईत शिक्षणमंत्री झाले रँग्लर परांजपे. त्यांच्या काळात १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. सक्ती करण्याची मुभा स्थानिक मंडळांना मिळाली, पैसे मात्र मागून मिळवायचे होते.

पैसे का नव्हते याचे उत्तर मेस्टन समितीच्या निवाड्यात आहे. प्राप्तिकर दिल्लीने घेतला आणि वर प्रांतांनी मिळून ९८३ लाख रुपये दिल्लीला द्यायचे ठरले. त्यात मद्रासचे ३४८ लाख, संयुक्त प्रांताचे २४० लाख, मुंबईचे फक्त ५६ लाख. वरवर पाहता मुंबई स्वस्तात सुटली. पण मुंबईची कमाई गिरण्यांच्या आणि व्यापाराच्या नफ्यात होती, आणि तो नफा ज्या कराने पकडता येतो तोच कर हातून गेला होता. हाती राहिले शेतकऱ्याचा सारा आणि दारूवरची अबकारी. शाळा चालवायच्या तर दारू खपली पाहिजे, असा हा पेच होता. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आंबेडकरांनी तो सरळ मांडला: अबकारीतून लोकांकडून जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. त्या वर्षांचे अंदाजपत्रक उघडून या दोन शीर्षांवर बोट ठेवले की इतर भाषणे वाचायची गरज उरत नाही.

गंमत अशी की याच वर्षांत कर्जाच्या बाजूला पैशाचा पूर वाहत होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट खाते काढले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला, कर्जे उभारली गेली. बॅकबेची भर घालायची आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या असा बेत होता. २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या साधारण सोळा हजार झाल्या आणि सुरुवातीला त्यांतल्या कित्येक रिकाम्या राहिल्या. बॅकबेच्या कारभाराचे वाभाडे खुर्शेद नरिमनांनी काढले, चौकशी बसली, अब्रुनुकसानीचा खटला झाला. आमच्या बाजूला अंबरनाथला कारखान्यांची वसाहत वसवण्याची योजनाही याच खात्याची. विसाच्या दशकात तिथे विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला. शिलाहारांच्या शिवमंदिराचे गाव कारखान्यांचे गाव व्हायला लागले ते तेव्हापासून.

याच लॉइडच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा खर्च मुंबईत झालाच नाही. सिंध १८४७ पासून मुंबई इलाख्यात होता. सक्करला सिंधू नदीवर बंधारा घालण्याचे काम १९२३ मध्ये सुरू झाले, १९३२ मध्ये ते पुरे झाले आणि बंधाऱ्याला लॉइडचे नाव दिले गेले. त्यासाठीचे कर्ज मुंबई सरकारच्या पुस्तकात होते. मराठी जिल्ह्यांतले सभासद कायदेमंडळात शाळा आणि विहिरी मागत होते आणि प्रांताची पत सिंधच्या कालव्यांत गुंतली होती. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा झाला. त्याच वर्षीच्या नीमायर निवाड्यात प्राप्तिकराच्या प्रांतिक हिश्शातले २० टक्के मुंबईला आणि २ टक्के सिंधला मिळाले, शिवाय सिंधला वर्षाला १०५ लाखांचे अनुदान ठरले. अकरा वर्षांनी त्या सिंधमधली माणसे कल्याणच्या छावणीत आली. पहिल्या लढाईनंतर मुंबईच्या कर्जाने सिंधमध्ये पाणी खेळवले. दुसऱ्या लढाईनंतर सिंधचे लोक मुंबईच्या आसऱ्याला आले. उल्हासनगरच्या सिंध्यांना ‘बाहेरून आलेले’ म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचावी. एक तप आधी दोघांचे अंदाजपत्रक एकच होते.

दुसऱ्या महायुद्धातल्या प्रांतिक अंदाजपत्रकांवर चर्चाच झाली नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि एप्रिल १९४६ पर्यंत कलम ९३ खाली गव्हर्नर एकट्याने खर्च मंजूर करत राहिले. कपातसूचना नाही, पुरवणी मागण्यांवर वाद नाही. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशनिंग आले आणि सरकार धान्याचे व्यापारी झाले. त्या उलाढालीसाठी ८५-अ हे शीर्ष होते. महागाईमुळे प्रांताचे उत्पन्न फुगले आणि ‘युद्धोत्तर पुनर्रचने’च्या नावाने पैसा बाजूला पडू लागला. आश्वासने तर भरघोस होती. टाटा-बिर्ला प्रभृतींनी १९४४ मध्ये १०,००० कोटींची योजना मांडली, सार्जंट अहवालाने चाळीस वर्षांत सर्वांना शिक्षण द्यायचे म्हटले, भोर समितीने १९४६ मध्ये गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची आखणी केली. भोर समितीचा अहवाल मी नेहमी आदराने उघडतो. पण त्याच्या शेजारी त्याच वर्षाचे ३९ क्रमांकाचे शीर्ष ठेवले की आदर टिकतो आणि उत्साह जातो.

१९४६ मध्ये बाळासाहेब खेर पुन्हा मुख्य प्रधान झाले आणि अर्थखाते वैकुंठभाई मेहतांकडे आले. या मंत्रिमंडळाने दारूबंदीचा आग्रह सोडला नाही. म्हणजे परांजप्यांच्या काळापासून ज्या उत्पन्नावर शाळा चालत होत्या, तेच बंद करायचे होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला विक्रीकर सुरू झाला. पुढची सात दशके महाराष्ट्राच्या तिजोरीचा मुख्य आधार ठरलेला कर अशा रीतीने घरात आला. दारू पिणाऱ्याऐवजी खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने शाळेचे पैसे द्यायचे, हा बदल भला की बुरा यावर पुस्तकात दोन विरुद्ध मते आहेत, आणि संपादकांनी ती मिटवायचा प्रयत्न केलेला नाही हे बरे.

दिल्लीत फेब्रुवारी १९४६ मध्ये आर्चिबाल्ड रोलँड्स यांनी ब्रिटिश अर्थसदस्याचे शेवटचे अंदाजपत्रक मांडले आणि जादा नफ्यावरचा युद्धकालीन कर रद्द केला. पुढच्या वर्षी लियाकत अली खानांनी मिठावरचा कर काढला आणि धंद्यांच्या नफ्यावर कर लावला. दांडीयात्रेला सतरा वर्षे झाली होती. २६ नोव्हेंबर १९४७ रोजी षण्मुखम चेट्टींनी साडेसात महिन्यांचे अंदाजपत्रक मांडले: जमा १७१.१५ कोटी, खर्च १९७.३९ कोटी. त्यातले ९२.७४ कोटी संरक्षणाला, २२ कोटी निर्वासितांना हलवण्यासाठी आणि मदतीसाठी, आणि जवळजवळ तेवढेच धान्य स्वस्त देण्यासाठी. स्वतंत्र देशाच्या पहिल्या अंदाजपत्रकातही जवळपास अर्धा खर्च लष्कराचाच होता. राज्य बदलले, शीर्षे, क्रमांक, मंजुरीची रीत तीच राहिली. म्हणून संपादकांनी कथा १५ ऑगस्टला न थांबवता जानेवारी १९५० पर्यंत नेली आहे. त्या महिन्यात चिंतामणराव देशमुखांच्या निवाड्याने प्राप्तिकराची नवी वाटणी झाली आणि मुंबईला २१ टक्के आले. कथा तिथवर नेण्याचा संपादकांचा निर्णय मला योग्य वाटतो.

उल्हासनगरच्या वाट्याला या सगळ्यातून आले ते लष्कराने आपल्या गरजेपुरते बांधलेले छप्पर. निर्वासितांसाठी घरबांधणीचे स्वतंत्र शीर्ष काढून, जमीन घेऊन, नळ टाकून मग वस्ती करावी एवढा वेळ कोणाकडेच नव्हता. लांबलचक बॅरेकीचा मधला हॉल पडदे आणि गोणपाट लावून वाटला गेला आणि एका छताखाली अनेक चुली पेटल्या. मालकीचे कागद व्हायला १९५४ चा नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा यावा लागला. प्रांताच्या सेवा खर्चाच्या यादीत शेवटी आणि लष्कराच्या सोयी पहिल्या, या क्रमामुळे आमच्या शहराचा आराखडा इंजिनिअरांनी नव्हे तर युद्धाने ठरवला. आजही उल्हासनगर महापालिकेचा स्वतःचा पाणीस्रोत नाही. बारवी धरणाचे पाणी एमआयडीसीकडून घ्यायचे आणि त्याच्या बिलावरून वाद घालत बसायचे, हे वर्षानुवर्षे चालू आहे.

मग आज हे वाचायचे कशाला? १९२१ मध्ये प्रांतांनी आपला वाढता कर गमावला आणि वरून येणाऱ्या वाटपाकडे डोळे लावले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर महाराष्ट्रातल्या महापालिकांनी जकात आणि एलबीटी गमावले, आणि आता महिन्याच्या महिन्याला राज्याकडून भरपाईचे अनुदान येते. रस्ता, गटार, शाळा, दवाखाना यांचा जाब नगरसेवकाला विचारला जातो आणि पैशाचा नळ दुसऱ्याच्या हातात असतो. मेस्टन निवाड्यावरचे जुने वाद आज महापालिकेच्या सभागृहात जसेच्या तसे ऐकू येतील, फक्त रकमा वाढल्या आहेत. अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकांनाही यात आपले नगरपरिषदेचे पान दिसेल.

या पुस्तकात वर्षागणिक अंदाजपत्रक नाही. निवडक पाने, भाषणांचे सारांश आणि त्यांवरचे लेख असा त्याचा बेत आहे. जे अर्थशास्त्र शिकलेले नाहीत त्यांनाही वाचता यावे म्हणून भारित खर्च, दत्तमत खर्च, पुनर्विनियोजन असे शब्द जागच्या जागी उलगडले आहेत. संस्थाने यात नाहीत. कोल्हापूर-सांगलीचे हिशेब वेगळ्या पुस्तकाचा विषय आहेत. रेल्वे वगळली आहे, आणि इथे माझा संपादकांशी मतभेद आहे. कल्याण जंक्शन सोडून कल्याणची गोष्ट सांगता येत नाही. शाळामास्तरांच्या पगारावरचा लेख मात्र कोणी चुकवू नये. आकडे इतके बोलके मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत. वाचताना एक पथ्य पाळावे: नव्या वर्षाचा अंदाज पाहून हरखू नये, दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात छापलेला प्रत्यक्ष खर्च आधी काढावा. भाषणे अंदाजावर होतात, शाळा प्रत्यक्ष खर्चावर चालते.

सरकारची बाजू अभिलेखागारात आहे. छावणीत राहणाऱ्यांची बाजू अजून घराघरांत, पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे: बॅरेकच्या वाटपाच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या, कर्जाचे कागद, रेशनकार्डे, सनदा. कॅम्प १ पासून ५ पर्यंत आणि अंबरनाथ-बदलापुरात ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना विनंती आहे की घर दुरुस्तीला काढताना ते रद्दीत घालू नका. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, आणि एक झेरॉक्स आपल्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्या.